मथुराचा पुकारा

डोमाजीला 'मुलाकात' हा शब्द एकाच ठिकाणचा ठाऊक होता, यवतमाळच्या जेलातला. चार-पाच वर्षांमागं पडीक जमिनीच्या सत्याग्रहात त्याचा धाकटा भाऊ धरला गेला होता, तेव्हा भाकरी बांधून तो त्याच्या मुलाकातीला गेला होता. गजांच्या पलीकडे भाऊ, अलीकडे हा आणि मधे काठी घेतलेला शिपाई. म्हणून १९६४च्या जानेवारीत, कापसाच्या वेच्याचे दिवस चालू असताना, मथुरा शेतातून आली आणि पोस्टमननं ठेवलेलं खाकी पाकीट फोडून म्हणाली, "बा, मले मुलाखतीले बोलावलं," तेव्हा डोमाजी बसल्या जागेवरून उठून उभाच राहिला.

"कोनाच्या मुलाकातीले?"

"कोनाच्या नाही. माहीच हाय मुलाखत."

"तू काय केलं?"

मथुरानं काही केलं नव्हतं. नर्सबाईच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी सातवी पास मुली घेणार होते. शाळेतल्या पंजाबराव गुरुजींनी ते छापून आलेलं वाचलं आणि तिच्याकडून अर्ज भरून घेतला. अर्ज केला म्हणजे एक दिवस कोणीतरी समोर बसवून प्रश्न विचारील, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, कागद जाईल आणि कागद येईल. गुरुजींना विचारावं तर त्यांची बदली होऊन महिना झाला होता.

हे कुटुंब दारव्ह्यापासून दोन कोसांवर बोरखडीला राहत होतं. छप्पनच्या दसऱ्याला डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर त्यानं घरातले देव नदीत सोडले आणि तेरा वर्षांच्या मथुराचा हात धरून तिला पुन्हा शाळेत नेऊन बसवलं. ती दुसरीनंतर बकऱ्यांमागं लागली होती. आठ वर्षांच्या पोरींच्या ओळीत बसताना तिला आपले गुडघे कुठं ठेवावे ते कळत नसे. पण तिनं शाळा सोडली नाही. सातवीसाठी रोज दारव्ह्याला पायी गेली, एकदा नापास झाली, परत बसली, आणि पास झाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या वयाच्या बाकी सगळ्या पोरींची लेकरं चालायला लागली होती. शाळेच्या बाबतीत डोमाजी कोणाला भ्याला नाही. कचेरीचं मात्र त्याला मनापासून भेव होतं. कचेरीत माणूस जातो तो एक आणि येतो तो दुसराच, असं तो म्हणायचा.

आई रुखमाबाई गावची सुईण होती. कुणब्यांच्या घरचं, माळ्यांच्या घरचं, तांड्यावरचं, कुठलंही बाळंतपण अडलं की तिला बोलावणं यायचं. चौदाव्या वर्षापासून मथुरा तिच्याबरोबर जात होती. चुलीवर पाणी ठेवायचं, बाळंतिणीची पाठ धरायची, जन्मलेलं लेकरू फडक्यात घ्यायचं ही तिची कामं. गुरुजींनी तिचाच अर्ज भरला तो त्यामुळं.

पत्र हातात घेऊन मथुरा नागोरावमामाकडे गेली. नागोराव नात्यातला नव्हता, पण वस्तीतला मोठा माणूस. दारव्ह्याच्या कचेरीत त्यानं सत्तावीस वर्षं चपराश्याची नोकरी केली होती आणि आता रिटायर होऊन गावी बसला होता. अंगात अजून तोच खाकी कोट. छातीवरचा पितळी बिल्ला सरकारजमा झाला होता, तिथं कापडाला दोन भोकं राहिली होती. साहेब लोक नोकरीसाठी माणसं कशी निवडतात हे बोरखडीत कोणाला माहीत असेल तर त्यालाच. आतापर्यंत किती जणांच्या नावाचा पुकारा त्यानं केला होता याचा त्यालाही हिशोब नव्हता.

त्यानं पत्र उलटसुलट पाहिलं. "इंटरूव हाय हा," तो म्हणाला. "बारा दिवस हायेत. वेचून आली का रोज संध्याकाळी येत जा. पन पहिलेच सांगून ठेवतो मथुरे, हा मानसाले सोलून काढते."

मथुराच्या मनात त्याच क्षणी भेव बसलं. ते पुढचे बारा दिवस हललं नाही.

वस्तीत कोणाकडे खुर्ची नव्हती. नागोरावनं अंगणात चहाचं एक रिकामं खोकं उपडं टाकलं. ती खुर्ची. समोरच्या ओट्यावर तो स्वतः साहेब होऊन बसला.

"पहिली गोष्ट. दारात थांबायचं अन् म्हनायचं, 'मी आत येऊ का, साहेब?' म्हन."

"मी आत येऊ का, साहेब?"

"आवाज कुठी गेला? अजून एकडाव."

तिनं पुन्हा म्हटलं.

"आता बस म्हनल्याशिवाय बसायचं नाही. बसलं का हात मांडीवर. पाय हालवायचा नाही. साहेब कागद वाचत असला त खोकायचं नाही."

"खोकला आला त, मामा?"

"गिळून टाकायचा."

मग भाषा. बोरखडीत बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. नागोरावनं सांगितलं की साहेबापुढं बाईमाणसानं 'मी येते' म्हणायचं, आणि 'मले' नाही, 'मला'. मथुरा शाळेच्या पुस्तकात ते वाचत आली होती, पण तोंडानं कधी बोलली नव्हती. दिवसभर वेचताना ती कपाशीच्या ओळीत वाकून पुटपुटायची, "मला, तुला, मी येते, मी जाते." बाजूच्या ओळीतल्या तुळसाबाईनं एकदा विचारलं, "काय वं, मंतर म्हनून राह्यली काय?" मथुरा हसली नाही. तिला हसू येणं बंदच झालं होतं.

नागोरावच्या शिकवण्यात गोष्टी फार असत, आणि त्यातली एकही बरी नसे. एक चांगला शिकलेला पोरगा बस म्हणायच्या आधी खुर्चीला टेकला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. "तोंड असं पांढरं, जसं कोनी रक्त काढून घेतलं." एकाला बापाचं पूर्ण नावच आठवेना. एक जण बाहेर आला तो थेट विहिरीकडे गेला, आणि नागोराव त्याच्या मागं धावला. पाणी प्यायला गेला होता की कशाला, ते त्यालाही कधी कळलं नाही. मथुरा ऐकत राहायची. मामा मुद्दाम भिववतो आहे असं तिला वाटलं नाही. तो सांगत होता ते त्याचं पाहिलेलं होतं.

शेवटच्या तीन दिवसांत त्यानं महत्त्वाची गोष्ट काढली.

"माय काय करते म्हनून इचारतीन. सुईण हाय म्हनून सांगू नको."

"काहून?"

"अवं, डाक्टर लोकायले सुईनीचा राग असते. घाण हातानं बाळंतपनं करते, लेकरं मारते, असं म्हन्तात ते. मी सोता ऐकलं कचेरीत. शेतात जाते म्हन. खोटं थोडीच हाय? जाते ना शेतात."

मथुरानं हे घरी सांगितलं नाही. रुखमाबाई तिच्यासाठी पांढरं पातळ धुऊन, उशाखाली घडी करून ठेवत होती. आईकडे पाहिलं की मथुराला वाटायचं, आपण कोणाची तरी चोरी करायला निघालो आहोत.

जातीच्या प्रश्नावरून नागोराव आणि डोमाजी यांचं वाजलं ते वेगळंच. नागोराव म्हणे, जुनी जात विचारली तर सांगून मोकळं व्हायचं. डोमाजी म्हणे, जी नदीत सोडली ती तोंडात घ्यायची नाही. दोघं तासभर भांडले. मथुराला काय म्हणायचं ते कोणीच ठरवून दिलं नाही.

आदल्या दिवशी बापलेक दारव्ह्याहून छोट्या गाडीनं यवतमाळला गेले. गाडी लाडखेडला बराच वेळ थांबली, तेव्हा डोमाजी हळूच म्हणाला, "मथुरे, अजूनबी वापस जाता येते." तिलाही तेच वाटत होतं, आणि बापानं ते बोलून दाखवल्यामुळं तिचं भेव दुप्पट झालं. मुक्काम पाटीपुऱ्यात एका नातेवाइकाकडे झाला. सकाळी आईनं धुऊन दिलेलं पांढरं पातळ नेसून ती निघाली.

कचेरीच्या लांब व्हरांड्यात पंचवीस-तीस मुली बसल्या होत्या. कोणाच्या पायात चपला, कोणाच्या हातात पर्स. यवतमाळच्या दोघी-तिघी तर एकमेकींशी हसत होत्या. मथुरानं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्या वाघाच्या गुहेशी बसून हसत आहेत. डोमाजीला चपराश्यानं फाटकाजवळच्या लिंबाखाली बसवलं. आता ती एकटी होती.

बाकाच्या टोकाला एक मुलगी अगदी आखडून बसली होती. हिरवं पातळ नेसली होती, पण ते नेसायची तिला सवय नाही हे दिसत होतं, सारखी निरी सांभाळत होती. दोन्ही हातांवर बांगड्या काढल्याचे फिकट वळ होते, थेट कोपरापर्यंत. ती पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावरची लालीबाई. वसतिगृहात राहून सातवी झाली होती. बाप देवीलाल तिच्याबरोबर आला होता, तोही लिंबाखालीच बसला होता.

लाली सरकत मथुराजवळ आली. "तुले माहीत हाय काय, आत काय इचारतात?"

मथुराला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला माहीत असलेलं काही विचारत होतं. ती सांगायला लागली. दारात काय म्हणायचं, कसं बसायचं, पाय कसा हलवायचा नाही. मग पांढऱ्या तोंडाच्या पोराची गोष्ट. मग विहिरीची. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपलं भेव थोडं कमी होतं आहे. जितकं लालीचं तोंड उतरत होतं तितकं हिला मोकळं वाटत होतं. म्हणून ती थांबली नाही. विहिरीच्या गोष्टीत तिनं स्वतःच्या मनानं थोडी भरही घातली.

"माह्या बोलन्यात मधातच आमची बोली येते," लाली म्हणाली. "लय घाबरली का मराठी आठवतच नाही मले."

"मंग संभाळ बाई. तशी बोली आली त उठवून देतात म्हन्तात."

असं नागोराव कधी म्हणाला नव्हता. ते मथुरानं आपल्या मनचं सांगितलं होतं.

थोड्या वेळानं लाली पाणी पिऊन येते म्हणून उठली. मथुरानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती मनात 'मला, तुला' म्हणत होती.

आतून चपराशी बाहेर आला. "लालीबाई देवीलाल राठोड!"

कोणी उठलं नाही.

"लालीबाई देवीलाल!"

मथुरानं मान वळवून पाहिलं. लिंबाखाली डोमाजी एकटाच बसला होता. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, हिरवं पातळ आणि लाल पागोटं मोटार स्टँडच्या दिशेनं चाललं होतं. लाली जवळजवळ पळत होती आणि देवीलाल तिच्यामागं हात हलवत काहीतरी विचारत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मथुराच्या तोंडून आवाज निघाला नाही. नागोरावनं शिकवलं होतं की कचेरीत मोठ्यानं बोलायचं नाही.

चपराश्यानं तिसऱ्यांदा पुकारा केला, कागदावर काहीतरी खूण केली आणि दुसरं नाव घेतलं.

"मथुरा डोमाजी!"

ती उठली. दार ओलांडून आत आल्यावर तिला आठवलं की 'आत येऊ का' म्हणायचं राहिलं. आता मागं जाऊन म्हणावं की काय, या विचारात ती तशीच उंबऱ्याशी उभी राहिली.

"या, बसा," आतून बाईचा आवाज आला.

मोठ्या टेबलामागं तिघं होते. मधे चष्म्याचे एक वयस्क साहेब, एका बाजूला लिहिणारे कारकून आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या पातळातल्या डॉक्टरीणबाई. मथुरा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. ती पडेल की काय असं तिलाच वाटत होतं.

नाव विचारलं. बापाचं नाव, गाव, शाळा. ती उत्तरं देत होती, पण आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. मग साहेबांनी अर्जावर बोट ठेवलं. "जात..." तिनं श्वास धरला. पुढं काय म्हणावं तिला अजून माहीत नव्हतं. "हं, बौद्ध. लिहिलंय," साहेब म्हणाले आणि पान उलटलं. दोन म्हाताऱ्यांनी तासभर भांडून जो प्रश्न सोडवला नव्हता, तो एवढ्यात संपला. तिला बरं वाटलं नाही. उलट वाटलं, आता याहून मोठं काहीतरी येणार.

"आई काय करते?"

"शेतात जाते."

"आणखी?"

"घरकाम... करते."

डॉक्टरीणबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "हात दाखवा."

हाताचं नागोरावनं काहीच सांगितलं नव्हतं. मथुरानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. आता लपवायला जागा नव्हती. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली होती, नखांच्या बाजूला रक्त सुकलं होतं. बाईंनी तिचं एक बोट उचलून पाहिलं.

"हे कशानं?"

"कापूस वेचून."

"नखं बारीक कापली आहेत. कोणी सांगितलं?"

सांगणारं कोणी नव्हतं. लेकरू धरताना नख लागतं म्हणून ती कापत असे. पण ते सांगितलं तर आईचं सांगावं लागणार. "कोणी नाही," ती म्हणाली.

"बाळंतीण कधी पाहिली आहे?"

"नाही."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी मान हलवली. "ठीक आहे. जा तुम्ही."

मथुरा उठली. दारापर्यंत चार पावलं होती. तिनं दोन टाकली आणि थांबली. पुढं ती हे कोणाला सांगायची तेव्हा म्हणायची की मला धाडस आलं असं काही नाही, उलट त्या वेळेइतकी मी कधीच भ्यालेली नव्हते. तिला रस्त्यावरून पळणारं ते हिरवं पातळ दिसत होतं आणि घरी जाऊन आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. ती मागं वळली. खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली.

"बाई, मी खोटं बोलली."

कारकुनाचा टाक थांबला.

"माही माय सुईण हाय. मी तिच्या संगं जातो, चौदा वर्साची होती तवापासून. लय बाळंतपनं पाह्यली मी."

'मी जातो' म्हटलं गेलं हे तिला ऐकू आलं, पण आता ते परत घेता येत नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. "खोटं का सांगितलंत?"

"भेव वाटलं, साहेब."

"कशाचं?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीकडे हात केला. ती परत बसली.

"नाळ कशानं कापते तुझी आई?" बाई आता 'तुम्ही' सोडून 'तू'वर आल्या होत्या.

"इळ्यानं. पहिले चुलीत तापवते."

"मग त्यावर काय लावते?"

मथुरानं खाली पाहिलं. "राख."

बाईंनी ओठ आवळले. "किती लेकरं गेली?"

"दोन मले माहीत हायेत. एक सातव्या दिवशी गेलं, अंग ताठलं होतं त्याचं. माही माय आठ दिवस जेवली नाही बाई. तिले समजलंच नाही काहून गेलं ते. मलेबी नाही समजलं."

मथुराला वाटलं, आपण आत्ता आईला फासावर चढवलं.

मग साहेबांनी विचारलं, "तुम्ही नर्स झालात आणि सरकारनं तुम्हाला एखाद्या गावात नेमलं, तर लोक तुम्हाला घरात घेतील? तुमच्या आईला घेतात?"

"घेतात, साहेब. पोट दुखते तवा कोनी जात इचारत नाही. लेकरू झालं का मंग सकाळी इचारतात. जिथं माय बसली होती तिथं गोमूत्र शिंपडतात."

"आणि तरी ती परत जाते?"

"बोलावनं आलं का जाते."

साहेबांनी चष्मा पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला. "जा. कळवू," एवढंच ते म्हणाले.

बाहेर आल्यावर डोमाजी लिंबाखालून धावत आला. "काय झालं?" त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. ती त्याला घेऊन आधी मोटार स्टँडवर गेली. पुसदची गाडी निघून गेली होती. तिथल्या एका माणसानं सांगितलं की हो, एक पोरगी होती हिरव्या पातळातली, रडत होती, बाप तिला समजावत होता. परतीच्या गाडीत मथुरा खिडकीकडे तोंड करून बसली. डोमाजीला वाटलं, मुलाखत बिघडली म्हणून ती रडते आहे. ती मुलाखतीसाठी नाही, लालीसाठी रडत होती.

घरी तिनं आईला सगळं सांगितलं, राखेचंही. रुखमाबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "त्या डाक्टरीणबाईनं सांगतलं काय, राखेच्या जागी काय लावाचं ते?" मथुरा म्हणाली, मी विचारलं नाही. "इचारायचं होतं मंग," रुखमाबाई म्हणाली आणि उठली.

नागोराव मात्र संतापला. बारा दिवसांची मेहनत मातीत घातली म्हणाला. मग मथुरानं त्याला लालीबाईची गोष्ट सांगितली. आपण काय काय सांगितलं, त्यात आपल्या पदरचं काय घातलं, काहीच गाळलं नाही. तो ऐकता ऐकता खाली बसला.

"आत काय होते हे मले कुठी माहीत हाय, मथुरे," तो म्हणाला. "सत्तावीस वर्सं दाराच्या बाहेर स्टुलावर बसलो. आतमधी मानसं हासलेलीबी असतीन. बाहेर येनाऱ्याचं तोंड तेवढं पाह्यलं मी. ज्याचं बरं झालं तो थांबतच नव्हता माह्यापाशी. ज्याचं बिघडलं तो पानी मागे."

आठ-दहा दिवस त्यानं कोट घातला नाही.

मार्चात पत्र आलं. निवडलेल्या मुलींत मथुराचं नाव नव्हतं. खाली वेगळी यादी होती, जागा रिकामी झाल्यास बोलावण्यासाठी, तिच्यात ती दुसरी होती. म्हणजे काय ते बोरखडीत कोणालाच नीट समजलं नाही. पास म्हणावं की नापास? तुळसाबाईनं तिच्या आईपाशी एका स्थळाची गोष्ट काढली. डोमाजी ना हो म्हणे, ना नाही. चैत्र गेला. मथुरा रोज पोस्टमनच्या वाटेकडे पाहायची आणि तो दिसला की आत जाऊन बसायची. तो काही आणील याचं जितकं भेव होतं तितकंच काही आणणार नाही याचं.

निवडलेल्यांतल्या दोन मुलींना घरच्यांनी पाठवलं नाही. वैशाखात मथुराला बोलावणं आलं. टिनाची पेटी घेऊन ती निघाली तेव्हा नागोराव साऱ्या वस्तीला सांगत होता की या पोरीला तालीम मी दिली. मथुराच्या नजरेला नजर मात्र त्यानं दिली नाही.

शिक्षणाची दोन वर्षंही तिनं भीतभीतच काढली. पाण्याच्या माठाला हात लावताना मागं कोणी आहे का पाहायची, परीक्षेच्या आधी जेवण सोडायची. सुट्टीत घरी आली की आईला उकळलेलं ब्लेड आणि दोरा कसा वापरायचा ते दाखवायची. रुखमाबाईनं राख सोडली. विळा सोडायला तिला आणखी वर्ष लागलं.

लालीबाईचा शोध मथुरानं घेतला. पुसदकडची एक मुलगी तिच्याबरोबर शिकत होती, तिच्याकडून दोन-तीन तांड्यांवर विचारून पाहिलं. एका तांड्यावर कळलं की अशी एक लाली होती, तिचं लग्न होऊन ती आंध्राकडे गेली. तीच की दुसरी, कोण सांगणार? पुढं खेड्यापाड्यातल्या मुली मुलाखतीचं विचारायला मथुराकडे येऊ लागल्या. ती त्यांना एवढंच सांगायची की आत तीन माणसं असतात, खुर्ची असते, आणि जे विचारतील त्याचं खरं ते सांगायचं. गोष्टी सांगायची नाही. एखादीनं फार आग्रह केला तर म्हणायची, "मले त्यातलं काही माहीत नाही बाई, मी एकदाच गेलती."

पहिली नेमणूक झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावी झाली, १९६६च्या हिवाळ्यात. गाव कोलामांचं. तिला त्यांची बोली येत नव्हती, त्यांना तिची. शाळेच्या पडवीत तिनं पेटी ठेवली. पहिल्या दिवशी ती घरोघर फिरली, तेव्हा बायका आत निघून गेल्या आणि दारावरच्या ताट्या ओढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिनं डोमाजीला पत्र लिहायला घेतलं की मला परत यावंसं वाटतं, पण ते वाचून तो लगेच न्यायला येईल हे ओळखून फाडून टाकलं.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर एक म्हातारा पडवीसमोर येऊन उभा राहिला. तो दोन शब्द बोलला. तिला एकही कळला नाही. त्यानं गावाच्या टोकाच्या एका खोपीकडे हात केला, मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला, आणि तिच्याकडे पाहत राहिला. मथुरानं नखं पाहिली, औषधांची पेटी उचलली आणि त्याच्या मागं चालू लागली.